समुद्राला सातबारा नसतो

(बी. ए. द्वितीय वर्ष)

हे शीर्षक वाचून कुणाच्याही मनात सहज प्रश्न येईल की, वर्धा जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध काय? आपल्यापैकी अनेकांनी समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात किंवा चित्रपटात पाहिलेला आहे. परंतु आपल्याच जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे शुष्क बंदराची, म्हणजे ज्याला इंग्रजी वळणाने 'ड्राय पोर्ट' म्हणतात त्याची, पायाभरणी २०१७ मध्ये झाली. त्याची कल्पना जवाहरलाल नेहरू बंदराच्या व्यवस्थापनाची. आणि त्याच नेहरू बंदराची ७४ टक्के भागीदारी असलेल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाली. उद्या हिंगणघाटच्या गाठी आणि कारंज्याची संत्री ज्या वाटेने परदेशी जातील, त्या वाटेचे शेवटचे टोक डहाणू तालुक्यातील वाढवणच्या किनाऱ्यावर असेल. तेव्हा तिथे जो वाद पेटला आहे तो त्रयस्थाचा नव्हे. त्यात आपलाही वाटा आहे, आणि बहुधा तो लाभ घेणाराचा वाटा आहे.

प्रस्तुत लेखात बंदर असावे की नसावे याचा निकाल देण्याचा माझा हेतू नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. मला एकच प्रश्न तपासून पाहायचा आहे. सरकारला मासेमारीचा चालता किनारा हवा असतो तेव्हा तो विकतो कोण, आणि विकत घेतले जाते ते नेमके काय?

वादाचे स्वरूप

वाढवण हे गाव आताच्या पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या उत्तरेस आहे. किनाऱ्याजवळच समुद्राला सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली आहे, आणि बंदर बांधणाऱ्यांच्या दृष्टीने हे मोठेच घबाड होय. आज जगातील सर्वांत मोठी कंटेनर जहाजे आपल्या बंदरांत सहसा येऊ शकत नाहीत. आपला बराच माल कोलंबो किंवा सिंगापूर येथे उतरवून पुन्हा चढवावा लागतो. त्यात वेळ जातो आणि पैसाही परदेशात जातो. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. प्रत्येकी १,००० मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के, वर्षाला सुमारे २९.८ कोटी टन मालाची क्षमता आणि दहा-बारा लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार, असे चित्र सरकारने मांडले आहे. हे चित्र पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कापसाच्या शेतकऱ्याला वाहतुकीचा खर्च काय असतो हे आपल्या जिल्ह्यात सांगावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूला मच्छीमार आहेत. या बंदरासाठी समुद्रात भर घालून सुमारे १,४४८ हेक्टर नवी जमीन तयार करावयाची आहे. ज्या पाण्यावर ती जमीन उभी राहील, त्या पाण्यात आज जाळी पडतात. पापलेट, बोंबील, घोळ, दाढा ही या पट्ट्याची मासळी. यांपैकी रुपेरी पापलेटला महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केले. किनाऱ्यावरील खडक आणि खाजणे ही माशांच्या पिलांची वाढण्याची ठिकाणे आहेत. पुरुष होडीवर जातात, बायका मासळी निवडतात, वाळवितात, टोपली घेऊन बाजारात बसतात. होडीवरचा माणूस बेकार झाला म्हणजे घरातले किमान दोन धंदे बसतात.

तीस वर्षांची कहाणी

हा वाद आजचा नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि तेथील उद्योगांवर मर्यादा घातल्या. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, त्याच वर्षी डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. हे नाव वर्धेच्या वाचकाला परके नाही. ते दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, आणि गोपुरीच्या गांधी विचार अध्ययन संस्थेचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव एका परदेशी कंपनीच्या सहभागाने १९९७ च्या सुमारास आला, तेव्हा सर्व बाजू ऐकून या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तो साफ नाकारला. २०१५ मध्ये प्रस्ताव पुन्हा उभा राहिला. या वेळी सरकार स्वतःच पुढे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. ३ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती धर्माधिकारींचे निधन झाले होते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून बंदराला ना-हरकत दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली आणि १८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या.

एकाच संस्थेने पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळी उत्तरे दिली. दोन्ही बाजू याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावतात. एक बाजू म्हणते, तंत्रज्ञान बदलले, अभ्यास नवे झाले. दुसरी बाजू म्हणते, समुद्र तोच आहे आणि मासाही तोच आहे. मला मात्र या सर्व कागदांत एक गोष्ट खटकते. मंजुरी देणारे अनेक आहेत, परंतु देणारा, म्हणजे ज्याच्याजवळून काही घेतले जात आहे असा माणूस, कुठल्याही कागदावर पक्षकार म्हणून नाही. त्याला हरकत नोंदविता येते. सही करण्याची किंवा सही नाकारण्याची जागा त्याला नाही.

मालक असला की खरेदी होते

आपल्याकडे समृद्धी महामार्ग झाला. तेव्हा वर्धा जिल्ह्यातून गेलेल्या रस्त्यासाठी थेट खरेदीची पद्धत वापरली गेली. अधिकारी शेतकऱ्याच्या दारी आले, दर सांगितला, बोलणी झाली आणि दुय्यम निबंधकापुढे खरेदीखत झाले. दराबद्दल तक्रारी झाल्या, काही ठिकाणी विरोधही झाला. पण शेतकरी विक्रेता म्हणून उभा होता, कारण त्याच्या हातात सातबारा होता. त्याच शेतात निंदण-खुरपण करणाऱ्या मजुराशी मात्र कुणी खरेदीखत केले नाही.

इतिहासातही हेच दिसते. मुंबईची ससून गोदी अल्बर्ट ससून यांनी कुलाब्याला समुद्रात भर घालून बांधली आणि ती १८७५ मध्ये सुरू झाली. त्या काळी हिंगणघाटी कापूस मुंबईच्या बाजारात नावाने ओळखला जाई, आणि बंदराचा किनारा खाजगी मालकांच्या हाती राहावा की नाही यावर मुंबईत मोठी चर्चा चालू होती. त्यातूनच १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट निघाला आणि १८७९ मध्ये मुंबई सरकारने ससून गोदी विकत घेतली. मालक होता म्हणून खरेदी झाली. आज ती गोदी मासळीसाठी प्रसिद्ध आहे. पण तिथे टोपल्या उचलणाऱ्या कोळिणींच्या नावाने ती कधीच नव्हती.

विदर्भातील उदाहरण अधिक जवळचे आहे. १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, तत्कालीन मध्यप्रदेशातील मालगुजारी संपली. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. बहुसंख्य मालगुजारी तलाव सरकारकडे गेले आणि मालगुजारांना मोबदला मिळाला. त्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या ढिवर-भोयांचे काय? त्यांचा मालक बदलला एवढेच. पुढे मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या आणि तलाव ठेक्याने मिळू लागले. ठेका हा काही वर्षांचा कागद असतो; तो मालकी देत नाही. तरीही ज्या संस्थेजवळ तो कागद असतो तिला निदान कचेरीत उभे राहून बोलता येते. कागद वाचणारा माझ्या घरातला मी पहिलाच, म्हणून कागदाची किंमत मला थोडी अधिक जाणवत असेल. पण ही गोष्ट केवळ माझ्या घरापुरती नाही.

आता समुद्राकडे पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या २० व्या कलमाप्रमाणे रस्ते, नद्या, नाले यांच्याबरोबरच भरतीच्या रेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे समुद्राचा तळ सरकारला विकत घ्यावाच लागत नाही. तो कायद्याने आधीच त्याचा आहे. वाढवणच्या रस्त्यासाठी आणि रेल्वेसाठी जी शेतजमीन लागेल तिचे संपादन होईल, तिला दर असेल. परंतु भर घालून जी नवी जमीन निर्माण होईल तिच्याखालच्या पाण्याचा विक्रेताच नाही. किनारा असा जातो की, खरेदी झाल्याची कुठे नोंदच उरत नाही.

समुद्र बिनमालकीचा नाही

यावर कुणी म्हणेल की, समुद्र मोकळा आहे, तिथे कुणाचे कुंपण नाही, मग हक्क कसला? ही समजूत जमिनीवरच्या माणसाची आहे. उत्तर कोकणातील मच्छीमार समुद्रात खुंट रोवून त्यांना डोल नावाचे मोठे जाळे बांधतात. या जागेला 'कव' म्हणतात. कुणाची कव कुठे, कोणत्या गावाची हद्द कुठवर, हे गावोगावच्या मंडळींना ठाऊक असते. पालघर-डहाणूकडील आणि वसई-उत्तनकडील मच्छीमारांत कवींवरून वर्षानुवर्षे वाद आहेत, बैठका झाल्या आहेत, सरकारनेही मध्यस्थी केली आहे. आपल्या शेताच्या धुऱ्यावरून भांडणे होतात तशीच ती आहेत. जिथे कुणाचेच काही नाही तिथे हद्दीसाठी कोण भांडेल? तेव्हा वहिवाट आहे, हद्द आहे, तंटा आहे. नाही तो फक्त सातबारा.

हा कागद नसल्याने काय घडते ते उरण तालुक्याने पाहिले आहे. नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले, आणि देशातील भूसंपादनाच्या चर्चेत त्याचे नाव आजही निघते. परंतु ते तत्त्व जमीन गेलेल्यांसाठी होते. त्याच दशकात न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठविण्यात आला. २५६ कुटुंबांचे हे गाव उरणजवळ हनुमान कोळीवाडा या नावाने वसविले गेले. ठरल्यापेक्षा फारच थोडी जागा मिळाली, घरांना वाळवी लागली, अशी तक्रार ते ग्रामस्थ चाळीस वर्षे करीत आहेत. बंदर मात्र २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि देशातील कंटेनर वाहतुकीचे अग्रगण्य केंद्र बनले. वाढवणचे मच्छीमार बंदराच्या आश्वासनांवर विश्वास का ठेवीत नाहीत, हे समजण्यासाठी दुसरा पुरावा लागत नाही. दोन्ही बंदरांचे व्यवस्थापन एकच आहे.

कायदा हळूहळू सरकतो आहे

एवढे सांगून थांबलो तर चित्र एकांगी होईल. गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी आणि कायद्यानेही मच्छीमाराची दखल घेतली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत, ज्यांची उपजीविका जंगलावर किंवा जलाशयावर आहे अशा लोकांचा समावेश आहे आणि त्यात मच्छीमार व नावाडी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांसाठी ९५ कोटींहून अधिक भरपाईचा आदेश दिला. खारफुटी आणि भरतीचे पाणी यांना अडथळा झाल्याने त्यांची मासेमारी बुडाली, हे न्यायाधिकरणाने मान्य केले. २०२१ मध्ये ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा परंपरागत हक्क आणि भरपाईचा मुद्दा मान्य केला, आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण ठरविले.

ही प्रगती निश्चित आहे. पण तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. भूसंपादन कायदा जमीन संपादित होते तेव्हा लागू होतो, आणि समुद्राचा तळ तर कुणाकडून संपादित करावाच लागत नाही. राहिलेला मार्ग भरपाईचा. भरपाई ही नुकसान झाल्यावर मोजतात. शेतकऱ्याला आधी विचारतात आणि मच्छीमाराला मागाहून मोजतात, हा दोघांतील फरक आहे. शिवाय मोजायचे कसे? मासळीचे उत्पन्न हंगामावर चालते, त्याची पावती नसते. टोपली विकणाऱ्या बाईचे नाव होडीच्या परवान्यावर नसते. दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणाऱ्याचेही नसते. म्हणजे भरपाईच्या यादीतही पुन्हा कागदवालाच पुढे येणार.

बंदराच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला जातो. मासळी तशीही कमी होत आहे, पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांनी समुद्र ओरबाडला जात आहे, मग मरू घातलेल्या धंद्यासाठी बंदर अडवावे काय? मासळी घटल्याचे मच्छीमारही नाकारीत नाहीत. परंतु शेजारच्याने बांध फोडला म्हणून आपण उरलेले शेतही वाहू द्यावे, असे कुणी शेतकरी म्हणणार नाही. कापसाला भाव नाही म्हणून आपल्या जिल्ह्यातील जमिनी न विचारता घ्याव्यात, असे कुणी म्हटले तर आपण काय उत्तर देऊ? तेच उत्तर त्यांनाही लागू आहे.

वाट कोणती?

या प्रश्नाचे उत्तर परदेशात शोधण्याची गरज नाही. ते विदर्भातच आहे. जंगलसुद्धा कायद्याने सरकारचेच होते, आणि तिथेही पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांजवळ कागद नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरागत वापर हाच पुरावा मानला. त्या कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल विकण्याचा अधिकार गावाला मिळाला नाही. परंतु त्याच्याविषयी बोलताना गावाला टाळता येणार नाही, एवढे नक्की झाले. जे जंगलाबाबत होऊ शकले ते कवींच्या बाबतीत का होऊ नये? प्रत्येक कोळीवाड्याची मासेमारीची हद्द, कवी, मासळी वाळविण्याच्या जागा आणि त्यांवर जगणाऱ्या स्त्री-पुरुषांची यादी ग्रामसभेपुढे वाचून लिहून ठेवावी. हे काम बंदर मंजूर झाल्यावर भरपाईसाठी करावयाचे नसून कुठलाही प्रकल्प येण्याआधी करावयाचे आहे.

आधी बोलणी झाली तर काय साधते याचे उदाहरण मुंबईतच आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरले होते. वरळीच्या मच्छीमारांनी सांगितले की, भरतीच्या लाटांत एवढ्या अंतरातून होडी नेणे धोक्याचे आहे. त्यांनी २०० मीटर मागितले. बरीच वर्षे वाद चालला आणि २०२३ च्या सुरुवातीला सरकारने १२० मीटर अंतर मान्य केले. रस्ता झाला आणि होडीची वाटही राहिली. त्यांची मूळ मागणी होडीला वाट मिळावी ही होती. ती पैशाने भागणारी नव्हती. ज्याला पाण्याची जाण आहे त्याला आराखडा होण्याआधी विचारले असते तर एवढी वर्षे वाया गेली नसती.

विचारणे म्हणजे नकार ऐकण्याचीही तयारी ठेवणे होय. ज्या प्रश्नाला 'हो' हे एकच उत्तर चालते तो प्रश्न नसतो, ती सूचना असते. वाढवणच्या जनसुनावणीबद्दलची तेथील लोकांची तक्रार माझ्या समजुतीप्रमाणे हीच आहे. उच्च न्यायालयाने मंजुरीची प्रक्रिया वैध ठरविली आहे आणि न्यायालयाचा मान राखलाच पाहिजे. परंतु प्रक्रिया वैध असणे आणि माणसाला विक्रेत्याचा मान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट देणे हे न्यायालयाचे काम नव्हे. ते विधिमंडळाचे, म्हणजे पर्यायाने तुमचे-आमचे काम आहे.

विद्यार्थी मित्रहो, सिंदीहून निघालेला डबा एक दिवस वाढवणला पोचेल आणि आपल्या शेतकऱ्याला दोन पैसे अधिक मिळतील, अशी आशा मीही बाळगतो. त्या दोन पैशांत दुसऱ्या कुणाची मासळी बुडालेली असू नये, एवढीच इच्छा आहे. निदान ती बुडविण्यापूर्वी त्याला नाव घेऊन विचारलेले असावे, आणि त्याने काय म्हटले हे कुठेतरी लिहिलेले असावे. सातबारा नसला तरी समुद्राला माणसे आहेत. त्यांची नोंद करण्याचे काम शाई आणि कागद यांनी होण्यासारखे आहे; त्यासाठी ७६ हजार कोटी लागणार नाहीत, असे मला नम्रपणे वाटते.